गाडीच्या पिनला टीसी लागतं, गळ्यावरच्या वस्तऱ्याला का नाही?

मोशीत राहून पोलादावर लिहायचं म्हणजे आळंदीत जाऊन कीर्तन शिकवण्यासारखं आहे. इथे दर तिसऱ्या घरात कुणीतरी टूलरूममध्ये, हीट ट्रीटमेंटमध्ये नाहीतर क्वालिटीत कामाला आहे. तरी लिहितो, कारण विषय पोलादाचा असला तरी प्रश्न आपल्या खिशाचा आणि कातडीचा आहे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

चाकणच्या कंपनीत जाणारी बोटभर लांबीची एक पिन घ्या. भोसरीच्या किंवा तळवड्याच्या छोट्याशा शेडमधून ती निघते तेव्हा तिच्यासोबत कागद जातो. पोलाद कुठल्या ग्रेडचं, हीट नंबर काय, हार्डनिंग कुठे झालं, कडकपणा किती आला. आपल्याकडे सगळे त्याला टीसी म्हणतात. टीसी नसेल तर माल गेटवरून परत, मग गाडीभाडं कुणी भरायचं ते तुम्ही बघा.

आता वस्तरा घ्या. माणसाच्या कानशिलावरून, हनुवटीखालून, गळ्याच्या शिरेवरून फिरणारी वस्तू. तिच्यासोबत काय येतं? काळा गुळगुळीत खोका, दाढीवाल्या गोऱ्या माणसाचा फोटो आणि 'प्रीमियम स्टील' हे दोन शब्द. प्रीमियम म्हणजे कुठलं? कार्बन किती? कडकपणा किती? एक अक्षर नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या पट्ट्यात दिवसाला हजारो वेळा पोलादाचा कडकपणा मोजला जातो, त्या पट्ट्यातला गिऱ्हाईक वस्तरा घेताना आंधळेपणाने घेतो. हे थांबलं पाहिजे, आणि थांबवणं आपल्या हातात आहे.

"पत्रकाराने वस्तऱ्यावर लिहावं का, दुसरे विषय संपले का," असं विचारणारे येतीलच. त्यांच्यासाठी एक आठवण. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. लोखंडे सत्यशोधक चळवळीतले, गिरणी कामगारांचे पुढारी. म्हणजे वस्तरा हा सार्वजनिक प्रश्न होऊ शकतो, हे महाराष्ट्राने सव्वाशे वर्षांपूर्वीच बघितलंय. आजचा प्रश्न त्या तोलाचा नाही, मान्य. पण दुर्लक्ष करावं इतका लहानही नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका तरुण इंजिनीअरने गेल्या वर्षी ऑनलाइन वस्तरा मागवला. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, कारण असे पन्नास आहेत. जाहिरातीत 'जपानी स्टील' आणि 'आयुष्यभराची धार' असं लिहिलेलं. पहिल्याच दाढीला गाल सोलवटला. पोराला वाटलं आपलाच हात बसला नाही. महिनाभर यूट्यूब बघून हात बसवला, दगड आणला, चामड्याचा पट्टा आणला. धार काही टिकेना. शेवटी भोसरीतल्या एका टूलरूमवाल्या मित्राकडे आम्ही तो घेऊन गेलो. त्याने मुठीकडच्या सपाट भागावर रॉकवेल मशीनचा ठसा मारला. काटा ४९ वर थांबला. मित्र हसून म्हणाला, "दादा, याच्यानं लोणी कापा."

४९ हा आकडा वाईट का, ते नीट समजून घेऊ. रॉकवेल 'सी' म्हणजे हिऱ्याचा टोकदार शंकू १५० किलोच्या भाराने धातूत दाबायचा आणि तो किती रुतला ते मोजायचं. कमी रुतला तर आकडा मोठा. चांगल्या वस्तऱ्याचा कडकपणा साधारण ५९ ते ६२ च्या घरात असतो. ४९ ला पातं मऊ असतं. दाढीचा राठ केस लागला की इतकी बारीक धार वाकते, दुमडते, आणि मग केस कापण्याऐवजी ओढते. त्यात पोराच्या हाताचा काही दोष नव्हता. पण पैसे गेले, गाल गेला, वर न्यूनगंड आला तो वेगळाच.

आता पोलादांची तुलना. ही नावं आपल्याकडच्या कामगाराला तोंडपाठ असतात, पण वस्तऱ्याच्या बाबतीत ती कुणी सांगत नाही.

पहिलं, साधं हाय कार्बन पोलाद. कार्बन एक टक्का किंवा थोडा वर, बाकी जवळपास लोखंडच. जर्मनीतल्या सोलिंगनचे आणि इंग्लंडमधल्या शेफिल्डचे नावाजलेले जुने वस्तरे याच जातीचे. गुण असा की धार फार बारीक येते आणि घरच्या घरी दगडावर लावता येते. अवगुण असा की गंजतं. मोशीच्या पावसाळ्यात ओला ठेवलात तर दुसऱ्या दिवशी धारेवर तांबूस ठिपके, आणि धारेवरचा ठिपका म्हणजे धार गेली. दाढी झाल्यावर पुसायचा, कोरडा करायचा, तेलाचं बोट फिरवायचं. एवढं जमणार असेल तर यासारखं पोलाद नाही.

दुसरं, आपलं ओएचएनएस. डाय आणि गेज बनवायला टूलरूममध्ये रोज लागतं ते. कार्बन सुमारे ०.९ टक्के, जोडीला मँगनीज, थोडं क्रोमियम, थोडं टंगस्टन. तेलात हार्डन होतं आणि फार वाकत-तडकत नाही. परदेशात हाताने वस्तरे घडवणारे कारागीर हेच पोलाद 'ओ-१' या नावाने आवडीने वापरतात. आपल्याकडे ते भोसरीतल्या कुठल्याही स्टीलच्या दुकानात पट्टीच्या मापात मिळतं.

तिसरं, ईएन-३१, म्हणजे बेअरिंगचं पोलाद. एक टक्का कार्बन, सुमारे दीड टक्का क्रोमियम. चिंचवडला बेअरिंगचा कारखाना कित्येक वर्षं आहे, त्यामुळे या पोलादाशी आपल्या शहराचं जुनं नातं. याचेही सुरेख वस्तरे होतात. मात्र एक लक्षात ठेवा, दीड टक्का क्रोमियम म्हणजे स्टेनलेस नव्हे. हेही गंजतं.

चौथं, एचसीएचसीआर, म्हणजे डी-२, डी-३ ची जात. प्रेसच्या पंचाला, डायला राजा माणूस. क्रोमियम १२ टक्के, कार्बन दीड ते दोन टक्क्यांच्या पुढे. कडक म्हणाल तर कडक, पण आत कार्बाइडचे कण मोठे. वस्तऱ्याची धार इतकी पातळ की मोठा कण तिथे आला तर धारेतून निखळतो आणि खाच पडते. शिवाय दगडावर घासता घासता हात दुखतात. पंचासाठी जे उत्तम ते गालासाठी उत्तम असेलच असं नाही, हे या पोलादावरून शिकावं.

पाचवं, स्टेनलेस. इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते, कारण स्टेनलेस ही एक वस्तू नाही, मोठं खानदान आहे. आपण रोज वापरतो त्या ब्लेडच्या पत्तीचं पोलाद वेगळं: ०.६५ ते ०.७ टक्का कार्बन, सुमारे १३ टक्के क्रोमियम आणि अत्यंत बारीक कण. स्वीडनमध्ये रेझर ब्लेडसाठीच तयार झालेलं एईबी-एल हे त्यातलं प्रसिद्ध. याचा वस्तरा मिळाला तर डोळे झाकून घ्या. ४४०-सी मध्ये कार्बन एक टक्का आणि क्रोमियम १७, कडकपणा चांगला येतो, पण कण मोठे, धार लावायला चिवट. आणि ४१०, ४२० सारखी कमी कार्बनची स्टेनलेस चमकते छान, गंजत नाही, फक्त दाढी करत नाही. स्वस्तातल्या वस्तऱ्यांवर 'स्टेनलेस' एवढंच लिहिलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा हीच मंडळी आत बसलेली असतात.

आणि हो, चुंबक लावून परीक्षा करू नका. "चुंबक चिकटलं म्हणजे कार्बन स्टील" असं दुकानदार छातीठोकपणे सांगतात. पात्यासाठी वापरतात ते हार्डन होणारं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. त्यावरून काहीही कळत नाही.

राहिलं दमास्कस. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, किंमत दुप्पट. या नावामागे आपलाच इतिहास आहे. दख्खनमध्ये, आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत मुशीतलं पोलाद बनायचं. ते जगभर जायचं, इंग्रजांनी त्याला 'वूट्झ' म्हटलं. लंडनचा जेम्स स्टोडार्ट हा शस्त्रक्रियेची उपकरणं आणि वस्तरे बनवणारा कारागीर आपल्या जाहिरातीत या भारतीय पोलादाचं नाव सांगायचा. १८२० च्या सुमारास त्याने आणि शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी मिळून या पोलादावर प्रयोग केले. आपलं पोलाद विलायतेत वस्तऱ्यासाठी अभिमानाने सांगितलं जात होतं, ही गोष्ट खरी. पण आज ऑनलाइन मिळणारं दमास्कस ते नव्हे. दोन वेगळी पोलादं थरावर थर ठेवून ठोकायची आणि ॲसिडमध्ये बुडवून नक्षी उठवायची, असं ते काम. चांगल्या कारागिराने केलं तर उत्तमच. पण नक्षीवरून धारेचा काही अंदाज येत नाही. काही ठिकाणी तर थरच नसतात, नुसती नक्षी उमटवलेली असते.

एवढं सगळं सांगितल्यावर एक गोष्ट ठणकावून सांगतो. ग्रेडचं नाव ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी म्हणजे पाणी. आपले लोहार म्हणायचे, "विळ्याला पाणी नीट बसलंय का?" आज त्याला हार्डनिंग-टेंपरिंग म्हणतात. तेच ओएचएनएस नीट तापवून, तेलात विझवून, दीडशे-दोनशे अंशांवर टेंपर केलं तर वस्तरा होतो. भट्टीत कसंही फिरवलं तर पट्टीच राहते. पाणी बरोबर बसलं असलं तरी शेवटच्या ग्राइंडिंगला घाई केली, पातं तापून निळं पडलं, की धारेचा कडकपणा तिथेच उतरला. ग्राइंडरवर काम केलेल्या कुणालाही विचारा, टूलचं टोक निळं पडलं की काय होतं. मग विकणारा पॉलिश मारतो, निळं दिसेनासं होतं आणि माल खोक्यात जातो. म्हणून फक्त ग्रेड लिहून भागणार नाही, कडकपणाचा आकडाही हवा.

घेताना काय बघायचं? साध्या गोष्टी सांगतो.

पात्याची रुंदी फिटर ज्याला सूत म्हणतो त्या मापात मोजतात, म्हणजे इंचाचा आठवा भाग. नवशिक्याने पाच किंवा सहा सूत रुंदीचा घ्यावा. त्याहून रुंद पातं नाकाखाली वळवता येत नाही.

टोक गोल असावं. चौकोनी टोक दिसायला रुबाबदार, पण कानाची पाळी कापतं.

पातं काचेच्या तुकड्यावर आडवं ठेवा. पाठ आणि धार दोन्ही सलग टेकली पाहिजेत. डुगडुगलं की पातं वाकडं. वस्तरा दगडावर घासतात तो पाठ आणि धार दोन्ही टेकवूनच, म्हणजे धारेचा कोन घडणीतच ठरलेला असतो. वाकडं पातं तुम्ही जन्मभर घासत बसलात तरी धार सगळीकडे सारखी येणार नाही.

धारेवर मार्करची रेघ ओढा आणि बारीक दगडावर एकदाच हलक्या हाताने फिरवा. शाई सगळीकडून सारखी पुसली तर माल बरा. मध्येच शाई राहिली तर तिथे पातं दगडाला लागतच नाही. दुकानदार हे करू देत नसेल तर समजून जा.

पाचरीसारखं जाड पातं राठ दाढीला दणकट. दोन्ही बाजूंनी पोकळ घासलेलं पातळ पातं धार लावायला सोपं, पण चुकून बेसिनला आपटलं तर तडकतं. सुरुवातीला मधलं, अर्धं पोकळ घ्यावं.

आणि 'शेव्ह रेडी' या शब्दांवर विश्वास ठेवू नका. नवा वस्तरा बहुधा दगड मागतोच. आधी हजाराचा दगड, मग चार-पाच हजाराचा, शेवटी आठ हजाराच्या पुढचा, आणि रोज दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर चाळीस-पन्नास हात. हे करायची तयारी नसेल तर साधा सेफ्टी रेझर घ्या. त्यात काही कमीपणा नाही.

आता सलूनचं बोलू, कारण प्रश्न तिथे जास्त गंभीर आहे. सलूनमध्ये कायम पात्याचा वस्तरा नको, हे माझं स्पष्ट मत आहे. हिपॅटायटिस-बी चा विषाणू शरीराबाहेर सुकलेल्या रक्तात सात दिवस जिवंत राहू शकतो. वस्तरा डेटॉलच्या पाण्यात बुचकळला म्हणजे निर्जंतुक झाला असं नाही. मुठीच्या खाचेत ओल आणि घाण राहतेच. त्यामुळे अर्धी पत्ती घालायचा वस्तरा, आणि प्रत्येक गिऱ्हाइकासमोर नवी पत्ती फोडायची, हाच नियम बरोबर. स्पाइन रोडपासून बोऱ्हाडेवाडीपर्यंत बहुतेक कारागीर हे पाळतात. जो पाळत नाही त्याला न लाजता सांगा, "भाऊ, पत्ती नवीन टाका." तो रागावणार नाही. कायम पात्याचा वस्तरा घरी, एका माणसाचा एकच. बापाचा पोराला नाही, भावाचा भावाला नाही.

पण त्या वापरलेल्या अर्ध्या पत्त्या जातात कुठे? एका सलूनमध्ये दिवसाला वीस दाढ्या धरा, वीस अर्ध्या पत्त्या. केसांबरोबर पिशवीत, पिशवी घंटागाडीत आणि घंटागाडी आमच्या मोशीच्या डेपोत. अख्ख्या पिंपरी-चिंचवडचा कचरा आमच्या उशाला येतो, त्यात शहरभरातल्या गालांवरून फिरलेलं पोलादही येतं. हाताने वर्गीकरण करणाऱ्या माणसाचं बोट ते शोधून काढतं. दवाखान्यातल्या ब्लेडसाठी २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत न टोचणारा, न गळणारा वेगळा डबा सांगितलाय. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्याच्या यादीत सुया आणि सिरिंजा घेतल्या, पण सलूनच्या पत्तीचं नाव त्यात नव्हतं. रक्त लागलेलं पातं दवाखान्यातलं असेल तर धोकादायक आणि सलूनमधलं असेल तर साधा कचरा, हा कुठला हिशोब?

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. एकही अवघड नाही.

एक. वस्तरा विकणाऱ्याने खोक्यावर आणि वेबसाइटवर पोलादाचा ग्रेड आणि कडकपणाचा आकडा छापावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा, शुद्धता, मानक यांची माहिती मिळण्याचा हक्क आपल्याला दिलाय. सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक २०२३ पासून सक्तीचा झाला तेव्हाही सराफांनी कुरकुर केली होती, आज सगळे मुकाट्याने देतात. जर्मनीत तर १९३८ पासून 'सोलिंगन' या नावाला कायद्याचं संरक्षण आहे, तिथे न घडवलेल्या पात्यावर ते नाव मारता येत नाही. आपण निदान 'स्टील' या शब्दाचा अर्थ तरी मागूया. खोटी जाहिरात दिसली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, फोन फुकट आहे.

दोन. महापालिकेने प्रत्येक सलूनला पत्त्यांसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा द्यावा आणि महिन्यातून एकदा तो वेगळा उचलावा. पोलाद आहे, वितळवता येतं. एका डब्याचा खर्च एका फ्लेक्सपेक्षा कमी.

तीन. ही मागणी आपल्याच लोकांना. या पट्ट्यात ओएचएनएस मिळतं, ईएन-३१ मिळतं, व्हॅक्यूम भट्ट्या आहेत, सरफेस ग्राइंडर आहेत, मायक्रॉनमध्ये बोलणारी माणसं आहेत. ऑर्डर मंदावली की शेडला कुलूप लावून बसणारे मालकही आहेत. मोशीच्या प्रदर्शन केंद्रात लाखोंच्या मशीन बघायला आपण रांगा लावतो. त्यातल्या एखाद्या टूलरूमने वर्षाला शंभर वस्तरे घडवून बघावेत. सोबत टीसी द्यावं, अगदी पिनला देतो तसंच. सोलिंगनचा नवा वस्तरा पाच आकडी किमतीला जातो आणि लोक घेतात. भोसरीचा निम्म्या किमतीत, कागदासकट मिळाला तर का नाही घेणार?

सध्या एवढंच करा. पुढच्या वेळी वस्तरा, कात्री, विळी, सुरी काहीही घेताना दुकानदाराला दोन प्रश्न विचारा: "ग्रेड कुठला? एचआरसी किती?" तो आधी तुमच्याकडे वेड्यासारखा बघेल. दहा जणांनी विचारलं की तो घाऊकवाल्याला विचारेल. शंभर जणांनी विचारलं की खोक्यावर छापून येईल.

टूलरूममधल्या, हीट ट्रीटमेंटमधल्या मित्रांनी आणि सलून चालवणाऱ्या भावांनी आपला अनुभव खाली जरूर लिहा. माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. पोस्ट पटली तर नगरसेवकापर्यंत पोचवा, डब्यांचं काम त्यांच्याच हातात आहे.